घरच्या टाकीतल्या गोगलगायींची अंडी आणि पिलं: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

टाकीच्या काचेवर, पाण्याच्या वरच्या बाजूला फिकट गुलाबी पुंजका दिसला की लोक दोन प्रकारे घाबरतात. काहींना वाटतं टाकीत रोग आला, काहींना वाटतं आता हा पुंजका कसा वाचवायचा. खालचे प्रश्न दोन्ही गटांकडून येतात. आधीच सांगतो, अंडी उबवणं अवघड नाही. त्यातून निघणाऱ्या शंभर पिलांचं काय करायचं, हे अवघड आहे. म्हणून तो प्रश्न जरा वरच घेतला आहे.

दुकानात ‘ॲपल स्नेल’ म्हणून देतात ती नक्की कोणती गोगलगाय?

बहुतेक वेळा ती मिस्ट्री स्नेल असते. शास्त्रीय नाव पोमेसिया डिफ्युझा. जुन्या पुस्तकांत आणि अजूनही बऱ्याच दुकानांत तिलाच ब्रिजेसी म्हणतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. पिवळी, निळसर, जांभळट, तपकिरी पट्ट्यांची, पांढरी अशा रंगांत मिळते. या पानावर ‘गोगलगाय’ म्हटलं की हीच समजा, दुसरीबद्दल असेल तिथे तिचं नाव घेतलं आहे.

एक सख्खी बहीण मात्र ओळखून ठेवा: पोमेसिया कॅनालिक्युलाटा. ही झाडं फस्त करते, वाढते मोठी, आणि अंडी घालते भडक गुलाबी, अगदी डोळ्यांत भरणारी. शंखाकडे नीट पाहिलं तर वेटोळ्यांमधली खाच हिच्यात खोल, पन्हळीसारखी असते. मिस्ट्री स्नेलमध्ये वेटोळ्याचा खांदा सपाट असतो. शंखावरून खात्री होत नसेल तर अंड्यांवरून ओळखा. क्रीम, फिकट गुलाबी किंवा बदामी असली तर ठीक. होळीच्या रंगाइतकी भडक असली तर ती उबवू नका.

मी एकच आणली होती. तिने अंडी कशी घातली?

यांच्यात नर आणि मादी वेगळे असतात, एकटीचं एकटीला जमत नाही. पण मादी नराचं बीज पोटात कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानाच्या टाकीत ती डझनभर नरांसोबत राहिलेली असते, तिथूनच ती तयारीनं आलेली असते. पिलांचे रंग आईशी जुळत नाहीत त्याचंही एक कारण हेच, बाप कोण आणि किती हे सांगता येत नाही.

नर-मादी ओळखायची कशी?

गोगलगाय काचेवर चढलेली असताना किंवा हातात उलटी धरल्यावर अंग बाहेर काढून पाय टेकायला जागा शोधते, त्या वेळी शंखाच्या तोंडातून आत डोकवा. तिच्या स्वतःच्या उजव्या बाजूला, कवचाच्या कडेजवळ, फिकट रंगाचा फुगीर उंचवटा दिसला तर नर. ती जागा मोकळी दिसली आणि आतले कल्ले सरळ नजरेस पडले तर मादी. घाई करून खेचू नका, ती शंखाच्या तोंडावरचं आपलं झाकण मिटून बसेल आणि मग अर्धा तास हलणार नाही.

कोण कोणावर चढलंय यावरून मात्र ठरवू नका. नर दुसऱ्या नराच्या शंखावरही तासन् तास चिकटून बसतात. पाच-सहा घेतल्या तर दोन्ही असण्याची शक्यता भरपूर, ओळखत बसण्यापेक्षा तो मार्ग सोपा.

एका पुंजक्यातून किती पिलं?

पन्नास ते दोनशे अंडी असतात, मोठ्या मादीच्या पुंजक्यात त्याहून जास्तही. नीट उबवली तर त्यातली बहुतेक फुटतात. आणि खाणं-पाणी चांगलं असेल, पाणी कोमट असेल, तर ती मादी आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा नवा पुंजका घालते.

आता हिशोब करा. एका पूर्ण वाढलेल्या गोगलगायीला मी सात-आठ लिटर पाणी धरतो. चाळीस लिटरच्या टाकीत पाच बसतील. उरलेल्या शंभरांना घर शोधायचं आहे. दुकानदार घेतात, पण सगळ्याच दुकानांना सगळ्याच वेळी नको असतात. कॉलेज रोड, सिडको, नाशिकरोड अशा दोन-चार दुकानांत आधी विचारून या, किती घेणार आणि कोणत्या मापाची घेणार. पैसे फारसे मिळत नाहीत, बदल्यात माशांचं खाणं किंवा स्पंज फिल्टर मिळाला तरी व्यवहार बरा म्हणायचा. विचारून झाल्यावरच पुंजका उबवायला ठेवा.

पिलं नकोच असतील तर?

पहिल्या एक-दोन दिवसांतच पुंजका काढा, पिशवीत बांधून डीप फ्रीझरमध्ये एक पूर्ण दिवस-रात्र ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात घंटागाडीला द्या. गोठवल्याशिवाय नका देऊ. कचऱ्याच्या ढिगात ओल आणि ऊब दोन्ही असतात, अंड्यांना तेवढंच हवं असतं. आणि आत पिलं आकाराला आल्यावर गोठवण्यापेक्षा सुरुवातीलाच गोठवणं मनालाही सोपं जातं.

अंडी पाण्याबाहेर का घालते? पाण्यात ढकलून ठेवू का?

अजिबात नको. पाण्यात बुडालेली अंडी मरतात. आतल्या जिवाला कवचातून हवा लागते, ती पाण्यात मिळत नाही. पाण्याबाहेर ठेवल्यानं माशांच्या तोंडापासूनही ती वाचतात.

ती बहुतेक रात्री येते. पाण्याच्या वर काही इंच चढते, काचेला घट्ट बसते आणि एकेक अंडं पायाच्या घडीवरून सरकवत वर चिकटवत जाते. काम तासन् तास चालतं. दिवा लावून जवळून पाहिलंत तर ताजं अंडं मऊ, ओलसर आणि अर्धपारदर्शक दिसतं, त्याच्या शेजारचं आधी घातलेलं थोडं दुधाळ झालेलं असतं, आणि वरच्या टोकाची पहिली अंडी कडक व्हायला लागलेली असतात. एकाच पुंजक्यात तिन्ही अवस्था. त्या वेळी तिला हात लावू नका, दचकली तर ती अर्धवट सोडून पाण्यात पडते.

तिला चढायला जागा हवी म्हणून पाणी काठापर्यंत भरू नका. तीन ते चार इंच मोकळे ठेवा आणि वर झाकण हवंच. झाकण नसेल तर ती टाकीबाहेर जाते, आणि सकाळी सोफ्याखाली सापडते.

पुंजका काचेवरच राहू द्यायचा की डब्यात काढायचा?

टाकीला झाकण असेल, पुंजका पाण्यापासून फार उंच नसेल आणि टाकीत पिलं खाणारे मासे नसतील तर हात न लावणं उत्तम. फक्त पाणी बदलताना लक्ष ठेवा. बादलीनं भरता भरता पातळी नेहमीपेक्षा बोटभर वर गेली आणि पुंजका रात्रभर बुडाला, असं फार घरांत होतं. काचेवर मार्करनं रेघ मारून ठेवा.

बाकी सगळ्या परिस्थितीत डबा. विशेषतः मार्च ते मे.

डब्याची पद्धत नीट सांगा.

पुंजका घातल्यापासून एक दिवस तरी थांबा, तोवर तो कडक होतो. मग बोट पाण्यात ओलं करून पुंजक्याच्या कडेला लावा आणि आडवा, हळूहळू सरकवा. सरळ ओढायचा नाही, ओढला की काचेकडची अंडी फाटतात. जुना असेल आणि सुटत नसेल तर ओल्या कापडाचा बोळा पाच मिनिटं कडेला धरा, मग जुन्या एटीएम कार्डाची कड आडवी घाला.

डबा म्हणून अर्धा किलो श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा अगदी योग्य मापाचा. आत धुतलेल्या सुती कापडाची किंवा साध्या पेपर नॅपकिनची तीन-चार पदरी घडी ठेवा, टाकीतल्याच पाण्यानं भिजवा आणि पिळून घ्या. पिळल्यावर बोट दाबलं तर ओल जाणवावी, पाणी वर येऊ नये. त्यावर पुंजका, काचेला चिकटलेली सपाट बाजू खाली. झाकणाला सुईनं चार-पाच भोकं पाडा, बंद करा आणि डबा टाकीच्या पाण्यावर तरंगत सोडा. टाकीचं तापमान तेच डब्याचं तापमान, वेगळी ऊब लागत नाही.

रोज एकदा झाकण उघडून हवा बदला. झाकणाच्या आतून साचलेले थेंब पुसा, नाहीतर ते नेमके अंड्यांवर पडतात. डबा एका बाजूनं किंचित वर राहील असा टेकवला तर थेंब कडेनं ओघळतात. कापड सुकत आलं तर कडेनं चमचाभर पाणी, अंड्यांवर नाही. फवारणीची बाटली मी वापरत नाही. फवारा मारणाऱ्याला थांबायचं कुठे ते कळत नाही.

अंडी किती दिवसांत फुटतात?

पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसला साधारण दोन ते तीन आठवडे. थंड असेल तर चार, कधी त्याहून जास्त.

उन्हाळ्यात पुंजके कोरडे पडून भुगा होतो. उपाय काय?

नाशिकचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवेत ओल जवळजवळ नसते. त्यात बाष्पीभवनानं टाकीची पातळी रोज उतरते, म्हणजे पुंजका पाण्यापासून रोज थोडा लांब जातो. मादीनं चार बोटांवर घातलेली अंडी आठवड्यानं वीतभर उंच दिसायला लागतात. म्हणून रोज सकाळी थोडं पाणी घालून पातळी रेघेवर आणा आणि झाकणावरच्या मोठ्या फटी कापडानं बंद करा. जाळीचं झाकण असेल तर जाळीवर काच किंवा ॲक्रिलिकचा पत्रा ठेवा, एक कोपरा उघडा सोडून.

दुसरी गोष्ट पाण्याची उष्णता. गच्चीखालच्या खोलीत टाकी असेल तर पाणी तीस-बत्तीसवर जातं. गोगलगायी तेही सोसतात, पण पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि त्यांचं आयुष्यही गरम पाण्यात आखूड होतं. टाकी खाली हलवा, पश्चिमेची खिडकी झाका, एअर पंप चालू ठेवा.

आणि थंडीत?

डिसेंबर-जानेवारीत नाशकात पहाटे पारा दहाच्या खाली येतो, निफाडकडे तर राज्यातला नीचांक नोंदला जातो आणि द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. घरातली टाकी तितकी गार होत नाही, तरी सतरा-अठरावर येते. तेवढ्यावर गोगलगायी जगतात, पण चरत नाहीत, हलत नाहीत, अंडी घालत नाहीत. आधी घातलेली अंडी रखडतात, आणि रखडलेल्या पुंजक्याला बुरशी धरायला वेळ मिळतो.

थर्मोस्टॅट असलेला हीटर घ्या, लिटरला एक वॉट हा अंदाज पुरतो. पंचवीसवर लावा. दुकानात स्वस्तातले, आपोआप बंद न होणारे हीटर मिळतात ते गोगलगायींसाठी नकोत. मासा तापलेल्या हीटरपासून दूर पळतो, गोगलगाय त्यावरूनच चालत जाते. हीटर घ्यायचा नसेल तर थंडीत उबवायच्या भानगडीत पडू नका, होळीपर्यंत थांबा.

पावसाळा?

अंड्यांसाठी सगळ्यात सोपा. हवाच ओली असते, काचेवरचे पुंजके आपसूक फुटतात. फक्त डबा वापरत असाल तर कापड नेहमीपेक्षा कमी ओलं ठेवा.

पुंजका राखाडी झालाय, काळपट दिसतोय. सडला का?

बहुधा उलट. ताजा पुंजका गुलाबीसर किंवा क्रीम असतो. दिवस जातील तसा तो पांढरट, मग मळकट होत जातो. शेवटच्या दिवसांत अंड्यांची कवचं इतकी पातळ होतात की आतले इवलेसे शंख दिसायला लागतात. गडद रंगाची पिलं असतील तर पुंजका काळपट दिसतो, आणि नवख्यांना तो कुजल्यासारखा वाटतो. नेमक्या याच टप्प्यावर बरेच जण तो फेकून देतात.

खरी बुरशी पांढऱ्या-करड्या केसांसारखी बाहेर वाढते आणि वास येतो. ती एखाद्या कोपऱ्यातल्या निकामी अंड्यांवर असेल तर तेवढा भाग चिमट्यानं तोडून काढा, बाकीचा पुंजका वाचतो.

शंका असेल तर कडेचं एकच अंडं टाचणीनं उघडा. आठ-दहा दिवसांनंतरही आत नुसता गुलाबीसर द्रव असेल तर बीज मिळालेलं नाही. आत छोटासा शंख किंवा गडद ठिपका दिसला तर बाकीच्यांना हात लावू नका.

पिलं बाहेर येताना मदत करायची का?

काचेवर असतील तर नाही, ती स्वतःच खाली टपकतात. डब्यात मात्र शेवटी मदत लागते. काही पिलं बाहेर पडून कापडावर चालायला लागली की समजा सगळ्यांची वेळ झाली. पुंजका दोन बोटांत धरून टाकीच्या पाण्याच्या वाटीत हलकेच हलवा. तयार असलेली कवचं तिथल्या तिथे विरघळल्यासारखी सुटतात आणि मोहरीएवढी पिलं तळाशी बसतात. जी सुटत नाहीत त्यांना चोळू नका, पुन्हा ओल्या कापडावर ठेवा, उद्या बघा.

पिलांना मोठ्या टाकीत सोडलं तर चालेल का?

कोणते मासे आहेत त्यावर. गप्पी, मॉली, निऑन, कोरी यांच्याबरोबर जमतं. गोल्डफिश, सिक्लिड, लोच आणि पफर पिलं संपवतात. फायटर आणि गुरामी पिलांबरोबरच मोठ्यांच्या मिशाही तोडतात. मिशा पुन्हा येतात, पण मिशा मिटून बसलेली गोगलगाय खात नाही.

दुसरा धोका फिल्टर. मागे टांगायच्या फिल्टरची नळी पिलांना सहज ओढून घेते. नळीच्या तोंडाला स्पंजची टोपी बसवा, किंवा सरळ स्पंज फिल्टर लावा. स्पंजवर जमणारा जिवाणूंचा थर हे पिलांचं पहिलं अन्नच आहे, दिवसभर त्याच्यावर बसून असतात.

मी पहिले दोन-तीन आठवडे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवायच्या बाजूनं आहे. मोठ्या टाकीत पिलं विखुरतात, खाणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही, आणि वाळूत किती मेली ते कळत नाही. पाणी बिघडल्यावर कळतं.

खायला काय?

पहिल्या आठवड्यात माशांच्या खाण्याची पूड, चिमटीत मावेल तेवढीच, आणि आधीपासून शेवाळ धरलेली एखादी काच किंवा बदामाचं वाळलेलं पान. बदाम म्हणजे रस्त्याकडेचा देशी बदाम, त्याची स्वतःहून गळलेली, तपकिरी पानं.

मग भाज्या. गिलके, दोडका, दुधी, काकडी, गाजर, साल काढलेला मटार. उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून मऊ करा, मीठ न घालता, हे सांगावं लागतं. काट्याला टोचून तळाशी बसवा आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं काढा. पालक कधीतरी चालतो, रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. फक्त भाजीवर ठेवू नका, यांना प्रथिनंही लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्या.

भाज्या उकळून, मिक्सरमधून काढून, त्यात माशांच्या खाण्याची पूड आणि कोंबडीच्या अंड्याच्या कवचाची भुकटी घालून चायना ग्रासमध्ये जमवलेल्या वड्या करता येतात. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा, एकेक टाकत जा. पाणी कमी घाण होतं. घरातल्यांना ट्रे वेगळा आहे हे सांगून ठेवा.

भाजी कुठली, हेही महत्त्वाचं. फवारणी झालेल्या भाजीचं साल काढा, पाण्यात तासभर ठेवून धुवा. द्राक्षाची पानं हौसेनं घालणारे आहेत, ते कृपा करून थांबवा. कारण पुढच्या प्रश्नात.

तांबं खरंच इतकं वाईट?

गोगलगायींसाठी विषच. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. द्राक्षबागेत डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारतात, आणि मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याच औषधानं जगभर तळ्यांतल्या गोगलगायी मारल्या जातात. बागेतून आल्यावर हात साबणानं धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी घेऊन मगच टाकीत हात घाला. फवारणीची बादली, पंप, मग टाकीसाठी कधीच वापरू नका, कितीही धुतले तरी.

घरातही तांबं असतं. तांब्याच्या पिंपातलं किंवा कळशीतलं पाणी टाकीत नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या काही औषधांत तांबं असतं, बाटलीवरचा मजकूर वाचा. आजारी माशाला वेगळ्या भांड्यात औषध द्या. जंतांवरची फेनबेंडाझोलसारखी औषधंही गोगलगायींना मारतात.

महापालिकेचं पाणी चालतं का, की बोअरचं घालू?

शहराला मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी येतं, क्लोरीन घातलेलं. एक दिवस उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला. क्लोरीन गेल्यावर ते चालतं. प्रश्न असतो क्षारांचा. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा बनतो आणि पाणी आम्लधर्मी झालं की तोच शंख पाण्यात झिजतो. सामू, म्हणजे पाण्याचा pH, सातच्या खाली जाऊ देऊ नका, साडेसात ते आठ उत्तम.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. माणसाच्या केसांना ते वाईट, गोगलगायींना चांगलं. अर्धं-अर्धं मिसळून वापरणारे बरेच आहेत आणि त्यांचे शंख चकचकीत असतात. आरओचं पाणी मात्र नको. त्यातले क्षारच काढलेले असतात.

शंखावर पांढरे खड्डे पडलेत, टोक झिजलंय.

कॅल्शियम कमी, किंवा सामू कमी, बहुतेक दोन्ही. झिजलेला भाग भरून येत नाही, पण पुढची वाढ नीट होऊ शकते. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेण मागा, पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तेच. तुकडा उकळून टाकीत टाका, एक-दोन दिवस तरंगेल, मग बुडेल. पिलं त्याच्यावर अक्षरशः राहायला जातात. अंड्याची कवचं आतला पापुद्रा काढून, उकळून, वाळवून, भुकटी करून घातली तरी चालतात, फक्त विरघळायला वेळ लागतो.

संगमरवराचे तुकडे, शहाबादी फरशीचा तुकडाही चालतो. दगड चुन्याचा आहे का ते बघायचं तर त्यावर लिंबू पिळा, बारीक फेस आला तर आहे. नदीतले आपले काळे गोटे बेसॉल्टचे, त्यांचा या कामाला उपयोग नाही. पानाला लावायचा चुना घालू का, असं विचारणारा एक तरी भेटतोच. नको. सामू एका झटक्यात चढतो आणि सकाळी टाकी रिकामी करावी लागते.

पिलं रोज थोडी थोडी मरतायत.

पाणी तपासा. एका छोट्या पिंजऱ्यात शंभर पिलं म्हणजे शंभर पोटं, आणि घाण त्या प्रमाणात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं. आठवड्यातून दोनदा पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, उरलेलं खाणं ड्रॉपरनं ओढून काढा. नवी टाकी, नवा फिल्टर आणि त्याच दिवशी पिलं, हे टाळा. काही पिलं काहीही केलं तरी मरतात, तेवढं धरून चला. दीड-दोन महिन्यांत सेंटिमीटरच्या पुढे गेली की मग सहसा मरत नाहीत.

काचेवर, लाकडावर पांढरे कडक ठिपके चिकटलेत, ते कधी फुटणार?

ती नेराइट नावाच्या वेगळ्या गोगलगायीची अंडी. गोड्या पाण्यात ती वाढत नाहीत. त्यांच्या अळ्यांना खारट किंवा मचूळ पाणी लागतं आणि पुढचा प्रवास अवघड आहे, घरी जमवणारे विरळा. नको असतील तर ब्लेडनं खरवडा.

मी गोगलगाय आणलीच नाही, तरी शेकडो आहेत.

पाणवनस्पतींबरोबर आल्या. पारदर्शक चिकट गोळ्यातली अंडी पाण्याखाली पानांवर असतील तर रॅमशॉर्न किंवा ब्लॅडर स्नेल. या उभयलिंगी, एक पुरते. अंडी दिसतच नाहीत आणि वाळूतून लांबट टोकदार पिलं निघतात, तर मलेशियन ट्रम्पेट. ती अंडी बाहेर घालत नाही, पिलंच देते, आणि तिला नराचीही गरज पडत नाही. औषध मारू नका, मेलेल्या गोगलगायींनी टाकी सडते. खाणं अर्धं करा. संध्याकाळी कोबीचं पान टाका, सकाळी चिकटलेल्यांसकट उचला. संख्या ही तुमच्या हातून पडणाऱ्या जास्तीच्या खाण्याचा आरसा असते.

नदीकाठच्या गोगलगायी आणून सोडल्या तर?

नका आणू. जंगली रॅमशॉर्न आणि इतर जाती गुराढोरांच्या कृमींच्या मधल्या यजमान असतात, म्हणजे त्या कृमी गुरांत जाण्याआधी यांच्यात वाढतात. उंदरांच्या फुप्फुसातली एक कृमीही गोगलगायींतून माणसाकडे येते, मुख्यतः कच्ची गोगलगाय पोटात गेल्यावर. टाकीत हात घातल्यावर साबणानं धुवा, मुलांना तर आवर्जून.

तसं आपल्याकडची पायला, कॉलेजात प्राणिशास्त्रात कापतात ती, मिस्ट्री स्नेलचीच नातेवाईक. पण ती अंडी काचेवर नाही, पाण्याकडेच्या ओल्या मातीत खळगा करून घालते. टाकीत ते जमत नाही.

जास्तीच्या पिलांना गोदावरीत सोडलं तर पुण्यच ना?

पुण्य नाही. गोदावरीत पाणवेली काय करतात ते दरवर्षी बघतोच, आणि पाणवेलही दक्षिण अमेरिकेतूनच आली, शोभेसाठी. पोमेसियाच्या कॅनालिक्युलाटा जातीला 1980च्या सुमाराला खाण्यासाठी तैवानमध्ये आणलं, तिथून ती आग्नेय आशियाच्या भातखाचरांत पसरली आणि कोवळी रोपं खाऊन शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप झाली. जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या भातपट्ट्यात ती घुसल्यावर युरोपीय संघानं 2012 मध्ये पोमेसियाच्या सगळ्याच जातींवर बंदी घातली.

तुमची मिस्ट्री स्नेल तेवढी खादाड नाही, हे खरं. पण दुकानातून आलेली प्रत्येक पिवळी गोगलगाय मिस्ट्रीच आहे हे छातीठोकपणे कोण सांगणार? इगतपुरी-त्र्यंबककडे भात आहे, खाली नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. कालव्यात, तळ्यात, विहिरीत, कुठेच नाही. टाकीतलं काढलेलं पाणी आणि काढलेल्या वनस्पतीसुद्धा नाल्यात न टाकता कुंडीत जिरवा.

किती वर्षं जगते?

साधारण एक ते दोन. दुकानातून मोठ्या मापाची घेतलीत तर तिचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं. म्हणून मध्यम मापाची घ्या.

दोन दिवस हलली नाही. मेली का?

वास घ्या. मेलेली असेल तर शंका राहत नाही, तो वास विसरता येत नाही. वास नसेल, झाकण घट्ट असेल तर जिवंत आहे. तरंगते आहे म्हणजे मेली असंही नाही, आत हवा धरून त्या तासन् तास तरंगतात. खात्री होईपर्यंत टाकीच्याच पाण्यात वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे मेलीच असेल तर बाकीच्यांचं पाणी खराब होणार नाही.

मुंबईला मावशीकडे पिलं न्यायची आहेत. पाण्याची पिशवी?

लागत नाही. ओल्या, पिळलेल्या कापडात गुंडाळून भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, दिवसभराचा प्रवास आरामात सोसतात. पाण्यात नेलं तर बसमध्ये हिंदकळून शंख एकमेकांवर आपटतात. आदल्या दिवशी खायला देऊ नका, डबा उन्हाच्या खिडकीशी नको. पोचल्यावर तिथल्या टाकीचं पाणी थोडं थोडं घालत अर्धा तास द्या, मग सोडा. अंड्यांचा पुंजका न्यायचा असेल तर श्रीखंडाच्या डब्यातच, कापडासकट, फक्त डबा सरळ धरायला कोणीतरी हवं.